भूमध्य समुद्रातील क्रूझचे नियोजन: आधी बंदरे, मग व्हिसा, शेवटी जहाज

क्रूझची सहल ठरवताना बहुतेक कुटुंबे आधी जहाज पसंत करतात, भाड्याची घासाघीस करून पैसे भरतात आणि बंदरांची व व्हिसाची चौकशी अगदी शेवटी करतात. हा क्रम उलटा आहे. त्यामुळे रोम पाहायला निघालेल्या माणसाला रोममध्ये जेमतेम चार तास मिळतात, किंवा परतावा न मिळणारे पैसे भरून झाल्यावर व्हिसाच्या अर्जासाठी भेटीची वेळच उपलब्ध नसल्याचे कळते. पुढील टप्पे पश्चिम आणि पूर्व भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या सहलीसाठी आणि भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांसाठी आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण प्रत्येक टप्प्याचे उत्तर पुढच्या टप्प्यात लागते.

## १. सुट्टी आणि ऋतू जुळवा

महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्ट्या पाहता मेचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा हा काळ सर्वांत सोयीचा आहे. हवा फिरण्याजोगी असते आणि युरोपातील शाळांना अजून सुट्टी लागलेली नसते. मात्र समुद्राचे पाणी पोहण्यासाठी गार असते, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. जुलै आणि ऑगस्टमध्ये ऊन, गर्दी आणि भाडे ही तिन्ही शिखरावर असतात. दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर पूर्वेकडील ग्रीस आणि तुर्कस्तानचा मार्ग घ्यावा, कारण तिकडे ऊब जास्त काळ टिकते.

वाऱ्यांचाही विचार करावा. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी वारा वाहतो आणि तो जोरात असला की सांतोरिनी किंवा मिकोनोस येथील थांबा ऐनवेळी रद्द होऊ शकतो. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मिस्त्राल वारा सुटला की मार्से आणि बार्सिलोना यांदरम्यान जहाज चांगलेच हलते.

## २. बंदराचे नाव वाचा, शहराचे नव्हे

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून येथे सर्वाधिक वेळ द्यावा. माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत शहर छापलेले असते आणि जहाज प्रत्यक्षात लागते ते बंदर बारीक अक्षरांत असते.

‘रोम’ म्हणजे चिविताव्हेक्किया. हे बंदर रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. जहाजातून उतरल्यावर बंदराच्या बसने बाहेरच्या थांब्यापर्यंत, तेथून स्थानकापर्यंत आणि मग रेल्वेने रोमपर्यंत, असा तीन तुकड्यांचा प्रवास करावा लागतो. व्हॅटिकनकडे जायचे असेल तर मुख्य स्थानकापर्यंत न जाता आधीच्या सान पिएत्रो स्थानकावर उतरावे, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटे वाचतात.

‘फ्लॉरेन्स’ किंवा ‘पिसा’ म्हणजे बहुधा लिव्होर्नो, क्वचित ला स्पेत्सिया. लिव्होर्नोहून पिसा जवळ आहे, परंतु फ्लॉरेन्सला रेल्वेने साधारण दीड तास लागतो. एकाच दिवसात दोन्ही शहरे करून देणाऱ्या सहलींत पिसाचा मनोरा बसमधून उतरून छायाचित्र काढण्यापुरताच भेटतो. माझ्या मते दोहोंपैकी एकच निवडावे.

‘व्हेनिस’ या नावाबाबत विशेष सावध राहावे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० सकल टनांहून (हे जहाजाच्या आकाराचे माप) मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरून जाण्यास बंदी आहे. काही जहाजे जवळच्या मार्गेरा येथे लागतात, तर काही राव्हेन्ना किंवा त्रिएस्ते येथे. ही दोन्ही बंदरे व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. सहल तेथेच सुरू होत असेल तर व्हेनिसचे हॉटेल आणि विमानतळ यांचा हिशेब पूर्ण बदलतो.

याउलट काही बंदरे अगदी सोयीची आहेत. नेपल्सचा धक्का शहराच्या मध्यावरच आहे. तेथून मेट्रोने गारिबाल्दी स्थानक आणि तेथून लोकल गाडीने सुमारे चाळीस मिनिटांत पाँपेई गाठता येते. अथेन्सचे पिरेयस बंदर मेट्रोने जोडलेले आहे. बार्सिलोनात बहुतेक धक्क्यांवरून बस थेट कोलंबसच्या स्तंभापर्यंत आणून सोडते. मार्सेत जहाजे जुन्या बंदरापासून बरीच लांब लागतात, तेव्हा ‘चालत जाऊ’ हा बेत तेथे करू नये.

शेवटी ‘टेंडर’ हा शब्द शोधावा. ज्या ठिकाणी मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही, तेथे ते समुद्रात नांगरून प्रवाशांना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. सांतोरिनी आणि फ्रान्समधील व्हिलफ्रांश ही अशी ठिकाणे आहेत. सांतोरिनीत होडीतून उतरल्यावरही वरच्या गावात जाण्यासाठी केबल कार, पाचशेहून अधिक पायऱ्या किंवा गाढव एवढेच पर्याय उरतात. एकाच दिवशी अनेक जहाजे आलेली असली तर केबल कारची रांग तासाहून मोठी होऊ शकते. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या आई-वडिलांना बरोबर नेत असाल तर टेंडरची बंदरे एकापेक्षा जास्त असलेला मार्ग टाळा.

तपासणी: प्रत्येक थांब्यापुढे चार गोष्टी लिहिल्या आहेत का? बंदराचे खरे नाव, पाहायच्या ठिकाणापर्यंतचे अंतर, धक्का की टेंडर, आणि आठवड्याचा वार. वार महत्त्वाचा आहे, कारण फ्लॉरेन्सची उफिझी कलादालने सोमवारी बंद असतात आणि व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडल्यास रविवारी उघडत नाहीत.

## ३. किनाऱ्यावरचे खरे तास काढा

वेळापत्रकात ‘सकाळी ७ ते संध्याकाळी ७’ असे असले की बारा तास मिळाल्याचे वाटते. प्रत्यक्ष हिशेब असा होतो. जहाज सात वाजता लागले तरी उतरण्याची परवानगी आणि रांग यांत पाऊण तास जातो. चिविताव्हेक्कियाचे स्थानक गाठून साडेआठची गाडी मिळाली तर रोममध्ये फिरायला सुरुवात होईपर्यंत पावणेदहा वाजतात. परतताना सर्वांनी जहाजावर असण्याची वेळ सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास असते. त्याआधी किमान दीड तास हाताशी राखायचा आणि परतीच्या प्रवासाला सव्वा तास धरायचा, म्हणजे रोममधून सव्वातीनच्या सुमारास निघायलाच हवे. बारापैकी साडेपाच तास उरले, आणि त्यातच जेवण व रांगा आल्या.

हे गणित प्रत्येक बंदरासाठी कागदावर मांडावे. ज्या शहरासाठी तुम्ही मुळात युरोपला निघाला आहात, त्याच्या वाट्याला पाच तासांपेक्षा कमी वेळ येत असेल तर ते शहर क्रूझवर पाहण्याचा हट्ट सोडावा आणि सहल तेथूनच सुरू किंवा समाप्त होईल असा मार्ग शोधून आधी वा नंतर दोन रात्री तेथे काढाव्यात. बार्सिलोना, रोम आणि अथेन्स यांच्याबाबतीत हाच सल्ला मी आग्रहाने देतो.

सावधान: स्वतःच्या बळावर फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. जहाजकंपनीच्या सहलीला उशीर झाला तर तिची जबाबदारी कंपनीवर असते. म्हणून लांबच्या बंदरांवर कंपनीची सहल घ्यावी आणि जवळच्या बंदरांवर स्वतः फिरावे, ही विभागणी पैशाच्या आणि मनःशांतीच्या दृष्टीने योग्य ठरते.

## ४. व्हिसाचे वेळापत्रक उलटे मांडा

शेंगेन व्हिसाचा (युरोपातील बहुतेक देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, परंतु हा काळ पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाढू शकतो. दुसरीकडे, क्रूझचे उरलेले पैसे बहुधा निघण्याच्या ६० ते १२० दिवस आधी भरायचे असतात आणि त्यानंतर रद्द केल्यास मोठी रक्कम कापली जाते. या दोन तारखांच्या मधल्या जागेत व्हिसा बसवायचा असतो.

उदाहरण घ्या. तुम्ही १८ मे रोजी युरोपात पोहोचणार आहात आणि जहाज २० मे रोजी सुटणार आहे. अर्जाची सर्वांत लवकरची तारीख १८ नोव्हेंबर येते. उरलेले पैसे नव्वद दिवस आधी भरायचे असतील तर ती मुदत १९ फेब्रुवारी आहे. म्हणजे अर्ज डिसेंबरमध्ये किंवा फार तर जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात द्यायला हवा. मार्चनंतर मुंबई-पुण्याच्या अर्ज केंद्रांवर उन्हाळी प्रवाशांची गर्दी होते आणि हव्या त्या देशासाठी वेळ मिळणे अवघड होते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, यातही चूक होते. जहाज स्पेनमधून सुटते म्हणून अर्ज स्पेनकडे, असा नियम नाही. ज्या देशात तुमचा मुक्काम सर्वाधिक किंवा प्रवासाचा मुख्य हेतू ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज करायचा. मुक्काम समसमान असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश करणार, त्याच्याकडे. क्रूझच्या बंदरांचे दिवस आणि आधी-नंतरचे हॉटेलमधले दिवस देशवार मोजून तक्ता करावा आणि तोच अर्जासोबतच्या पत्रात द्यावा.

मग प्रवेशांची संख्या. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. मॉन्टेनेग्रोतील कोतोर, तुर्कस्तानातील कुशादासी आणि ट्युनिशियातील ला गुलेत मात्र त्याबाहेर आहेत. अशा बंदराला लागून जहाज पुन्हा ग्रीस किंवा इटलीत येणार असेल तर एकल प्रवेशाचा व्हिसा चालत नाही. अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागावेत आणि त्याचे कारण म्हणून जहाजाचा मार्ग जोडावा. तुर्कस्तानसाठी वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, परंतु तो शेंगेन व्हिसा हाती आल्यानंतरच काढता येतो, हा क्रम विसरू नये.

तपासणी: पारपत्र दहा वर्षांच्या आत दिलेले आणि युरोपातून परतल्यानंतर किमान तीन महिने वैध आहे का? प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आहे का? शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे. सेवा केंद्राचे पैसे वेगळे.

सावधान: व्हिसा हाती येईपर्यंत परतावा मिळणारेच आरक्षण घ्यावे. ‘आज पैसे भरले तर वीस टक्के सूट, परतावा नाही’ ही सवलत भारतीय प्रवाशासाठी बहुधा तोट्याची असते.

## ५. आता जहाज निवडा

मार्ग आणि तारखा पक्क्या झाल्यावर निवडीसाठी बहुधा दोन-तीन जहाजे उरतात, आणि मग निर्णय सोपा होतो. सकल टनभार हे जहाजाचे वजन नसून त्याच्या आतील एकूण जागेचे माप आहे. त्याला प्रत्येक केबिनमध्ये दोघे धरून होणाऱ्या प्रवासीसंख्येने भागले की माणशी किती जागा मिळते याचा अंदाज येतो. आयकॉन ऑफ द सीज या महाकाय जहाजाचा टनभार २,४८,६६३ आणि प्रवासीसंख्या ५,६१० आहे, म्हणजे गुणोत्तर सुमारे ४४. व्हायकिंग स्टार या लहान जहाजाचा टनभार ४७,८४२ आणि प्रवासी ९३० आहेत, म्हणजे सुमारे ५१. पस्तिशीच्या खाली आकडा गेला की जेवणघर आणि पोहण्याचा तलाव येथे दाटी जाणवते.

केवळ आकड्यावर मात्र जाऊ नये. व्हायकिंगच्या जहाजांवर अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेशच नाही. लहान मुले असतील तर मोठे जहाज बरे, परंतु तेथील मुलांच्या क्लबमध्ये सहसा तीन वर्षे पूर्ण झालेली आणि स्वतः शौचाला जाऊ शकणारी मुलेच घेतात. सहा महिन्यांखालील बाळाला आणि चोवीस आठवड्यांहून पुढच्या गर्भवतीला बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहीत. हे दोन नियम आरक्षणाआधीच पाहावेत.

एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांच्या पश्चिम भूमध्य सहलींत प्रवासी एकाच ठिकाणी चढत नाहीत. तेच वर्तुळ बार्सिलोना, मार्से, जेनोवा किंवा चिविताव्हेक्किया अशा वेगवेगळ्या बंदरांवरून सुरू करता येते. याचा फायदा घ्यावा: जे शहर सावकाश पाहायचे आहे, तेच चढण्याचे बंदर निवडावे. यात एक उणीव आहे. रोज नवे प्रवासी चढत असल्याने गर्दी कधी ओसरत नाही आणि घोषणा अनेक भाषांत होत राहतात. घरातील ज्येष्ठांना इंग्रजीतून सर्व कारभार सोयीचा वाटत असेल तर रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी किंवा नॉर्वेजियन यांचा पर्याय पाहावा.

## ६. केबिन

डेकचा नकाशा उघडून निवडलेल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहावे. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप चांगली लागते. वर तलावाचा डेक किंवा खाली नाचघर असेल तर लागत नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवरची केबिन घ्यावी, कारण हेलकावे तेथे सर्वांत कमी असतात. उंचावरची, टोकाची बाल्कनी महाग असूनही अशा माणसासाठी वाईट.

स्वस्तातील ‘गॅरंटी’ केबिनमध्ये जागा कंपनी ठरवते. चौघांच्या कुटुंबाला दोन केबिन लागणार असतील तर ती घेऊ नये, कारण दोन्ही केबिन शेजारी मिळतीलच असे नाही. ‘दृश्यात अडथळा’ असा शेरा असेल तर खिडकीसमोर बहुधा जीवरक्षक नौका टांगलेली असते.

## ७. पूर्ण खर्च मांडा

जाहिरातीतील भाडे हे एका केबिनमध्ये दोघे राहतील असे धरून माणशी दिलेले असते. एकट्याने जाणाऱ्याला दोघांच्या भाड्याच्या जवळपास रक्कम पडू शकते. त्यात पुढील गोष्टी मिळवाव्यात: बंदर कर, सेवकांची रोजची बक्षिसी, इंटरनेट, पेये, किनाऱ्यावरील सहली, बंदरातून शहरात नेणाऱ्या बसचे भाडे, आणि परदेशी सहलीवर भारतात कापला जाणारा टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला कर. टीसीएस हा खर्च नसून तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, मात्र तोपर्यंत पैसा अडकतो. बक्षिसी रोज माणशी १६ डॉलर धरली तरी चौघांचे सात रात्रींचे ४४८ डॉलर होतात. ती भाड्यात आहे की नाही, हे लेखी विचारावे.

मद्याचे पॅकेज घेताना एकाच केबिनमधील सर्व प्रौढांनी ते घ्यावे अशी अट अनेक कंपन्या घालतात. घरातील एकच माणूस पिणार असेल तर सुटे पैसे देणे स्वस्त पडते.

सावधान: जहाजाच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नये. अंदाजे रक्कम आधीच अडवली जाते आणि ती मोकळी व्हायला काही दिवस जातात. क्रेडिट कार्ड वापरावे आणि ‘रुपयांत आकारू का’ या प्रश्नाला नकार द्यावा, कारण तेथील विनिमय दर महाग असतो.

## ८. विमान आणि विमा

जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी पोहोचणारे विमान घेऊ नये. किमान एक रात्र आधी पोहोचावे. सर्व उड्डाणे एकाच तिकिटावर असावीत, म्हणजे आखाती विमानतळावर जोडविमान चुकले तर पुढची सोय करणे विमानकंपनीवर येते. आता शेंगेन सीमेवर प्रथम प्रवेशाच्या वेळी व्हिसाधारकांचे छायाचित्र घेतात आणि बोटांचे ठसे ताडून पाहतात, त्यामुळे रांगेसाठी जास्तीचा वेळ धरावा.

व्हिसापुरता घेतलेला विमा क्रूझसाठी पुरेसा नसतो. समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि जहाज चुकल्यास पुढच्या बंदरापर्यंतचा प्रवास त्यात आहे का, हे पॉलिसीत वाचावे. जहाजावरील दवाखान्याचे बिल रोख किंवा कार्डाने भरून नंतर मागणी करावी लागते.

## ९. जेवण, औषधे आणि सामान

शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असेल तर ते आरक्षणात नोंदवून किमान दोन महिने आधी ई-मेलने पक्के करावे आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून दुसऱ्या दिवशीचे पदार्थ ठरवावेत. हा रोजचा परिपाठ ठेवला तर जेवण उत्तम मिळते. न ठेवल्यास सॅलड आणि पावावर भागवावे लागते. बुफेमध्ये ‘शाकाहारी’ पाटी असली तरी सूपमध्ये मांसाचा अर्क, पुडिंगमध्ये जिलेटिन आणि पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातील रेनेट असू शकते, हे कडक शाकाहारी माणसाने लक्षात ठेवावे.

घरचे खाणे नेताना युरोपीय संघाचा नियम पाळावा: बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे. पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. तेलातला चिवडा, चकली, खाकरा असे कारखान्यात सीलबंद केलेले पदार्थ न्यावेत. विजेची किटली, इस्त्री आणि सर्ज संरक्षण असलेले एक्स्टेन्शन बोर्ड जहाजावर काढून घेतात, त्यामुळे केबिनमध्ये झटपट उपमा करण्याचा बेत करू नये.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून ठरवावी आणि त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग फार कमी होतो. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत.

## १०. जहाजावरील दिवस

चढल्यावर पहिले काम म्हणजे सुरक्षा सराव. तो सक्तीचा आहे; आपले एकत्र जमण्याचे ठिकाण मुलांनाही दाखवून ठेवावे. मग फोन विमानस्थितीत टाकावा. समुद्रात फोन जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कला जोडला गेला तर साध्या रोमिंग पॅकमध्ये ते धरले जात नाही आणि बिल भयंकर येते. जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, कारण जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसते सॅनिटायझर पुरत नाही.

बंदराच्या दिवशी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. ग्रीसची वेळ इटलीच्या एक तास पुढे आहे आणि फोन आपोआप बदलतो, जहाजाची वेळ मात्र बदललेली असेलच असे नाही. उतरताना पारपत्राची छायाप्रत आणि दैनिक पत्रकात छापलेला बंदरातील प्रतिनिधीचा फोन क्रमांक जवळ ठेवावा. जहाज चुकल्यास पहिला फोन त्यालाच करायचा असतो. इटलीत रेल्वेच्या प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट गाडीत बसण्यापूर्वी यंत्रावर ठसवावे लागते, नाहीतर दंड होतो. रेल्वेचा संप आदल्या दिवशी तपासावा. कामाच्या दिवशी संप असला तरी प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात चालू असते. परतीची दुपार त्यात बसत नाही, म्हणून अशा दिवशी कंपनीची सहल घ्यावी किंवा बंदराच्या गावातच फिरावे.

शेवटच्या रात्री खात्याचे बिल तपासावे, कारण सकाळी त्या खिडकीवर लांब रांग असते. मोठ्या बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. पारपत्र, औषधे, चार्जर आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे त्यात जाऊ देऊ नयेत. परतीचे विमान दुपारी एकच्या आधीचे नसावे. चिविताव्हेक्कियाहून फ्युमिचिनो विमानतळावर रेल्वेने जाताना वाटेत गाडी बदलावी लागते, त्यामुळे चौघांचे सामान असेल तर त्या दिवसापुरती मोटारगाडी आधीच ठरवून ठेवावी.